सॅम्युएल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट (जन्म : १९ जुलै १८१४, हार्टफर्ड, कनेक्टिकट, मृत्यू : १० जानेवारी १८६२, हार्टफर्ड) हे अमेरिकन संशोधक आणि शस्त्रनिर्मिती करणारे उद्योजक होते. फिरत्या सिलिंडरच्या हातबंदुकीला, म्हणजेच रिव्हॉल्व्हरला, व्यवहारात टिकेल असे रूप त्यांनी दिले आणि यंत्रांच्या साहाय्याने तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. रिव्हॉल्व्हरचा शोध कोल्ट यांनी लावला, असे सरसकट लिहिले जाते. ते अचूक नाही. त्याचप्रमाणे चित्रपटांतील अमेरिकी घोडेस्वारांच्या कमरेला दिसणारे प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर हे स्वतः कोल्ट यांनी घडविले, हाही एक रूढ समज आहे. ते प्रारूप त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी बाजारात आले. कोल्ट यांच्या हयातीत निघालेली प्रारूपे एकमेकांशी जवळचे नाते सांगणारी असली, तरी त्यांत महत्त्वाचे भेद आहेत आणि त्या भेदांतूनच त्यांच्या कामाची खरी वाटचाल कळते.

बालपण आणि शिक्षण

कोल्ट यांचे वडील ख्रिस्तोफर कोल्ट हे व्यापारी होते. आई सारा कॉल्डवेल यांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैन्याधिकारी होते. सॅम्युएल सहा वर्षांचे असताना आईचा क्षयाने मृत्यू झाला आणि व्यापारातील अपयशामुळे कुटुंबाची स्थितीही खालावली. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांना ग्लॅस्टनबरी येथील एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. पुढे वडिलांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेअर येथे कापड रंगविण्याचा कारखाना चालविला, तेथे सॅम्युएल यांना रसायने व यंत्रे जवळून पाहता आली.

स्फोटांचे आकर्षण त्यांना लहानपणापासून होते. ४ जुलै १८२९ रोजी त्यांनी वेअरच्या तळ्यात विजेच्या साहाय्याने सुरुंग उडवून दाखविला. तळ्यातील चिखलपाणी उडून बघ्यांची वस्त्रे भिजली आणि लोक चिडले. त्या वेळी एलिशा रूट नावाच्या तरुण यंत्रकारागिराने त्यांना जमावापासून वाचविले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, हेच रूट पुढे कोल्ट यांच्या कारखान्याचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी अ‍ॅमहर्स्ट येथील शाळेत असताना शोभेच्या दारूचा असाच एक प्रयोग अंगाशी आला आणि शाळा सुटली. मुलाला शिस्त लागावी म्हणून वडिलांनी त्यांना जहाजावर खलाशी म्हणून धाडले.

कोलकात्याचा प्रवास

ऑगस्ट १८३० मध्ये कोल्ट बॉस्टनहून कॉर्व्हो या जहाजाने निघाले. जहाज कोलकात्याला जाणार होते. या प्रवासात जहाजाचे सुकाणूचक्र पाहून त्यांना फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली, असे परंपरेने सांगितले जाते. चक्र कोणत्याही बाजूला फिरविले तरी त्याचा एकेक आरा ठरलेल्या जागी येऊन अडकविता येतो, हे त्यांनी हेरले. काही जण सुकाणूऐवजी नांगर ओढण्याच्या रहाटाचे नाव घेतात. प्रवासातच त्यांनी लाकडाचा एक नमुना कोरला. तो नमुना म्हणून ओळखले जाणारे लाकडी भाग आज हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियम या संग्रहालयात आहेत.

येथे एक प्रश्न उरतो. एलिशा कोलियर या अमेरिकन कारागिराने चकमकीवर चालणाऱ्या फिरत्या सिलिंडरच्या बंदुकीचे इंग्लंडमधील एकस्व १८१८ मध्येच घेतले होते आणि तशा बंदुका हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजांमध्ये पोहोचल्या होत्या. कोल्ट यांनी त्यांपैकी एखादी कोलकात्यात पाहिली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. कोल्ट यांनी मात्र कोलियरच्या बंदुकीची माहिती आपल्याला १८३५ मध्ये इंग्लंडला गेल्यावरच झाली, असे पुढे सांगितले. या दोन म्हणण्यांचा निवाडा करणारा पुरावा नाही. फिरत्या खणांची कल्पना त्याहूनही जुनी होती. भारतीय बनावटीच्या अशा तोड्याच्या बंदुकाही संग्रहालयांत जतन केलेल्या आहेत. तेव्हा कल्पनेचे श्रेय कोल्ट यांना देता येत नाही. त्यांचे श्रेय निराळे आहे आणि ते त्यांच्या एकस्वाच्या मजकुरात नेमके दिसते.

एकस्व आणि सिंगल अ‍ॅक्शन यंत्रणा

परतल्यावर कोल्ट यांनी हार्टफर्डचे कारागीर अ‍ॅन्सन चेस यांच्याकडून नमुने करवून घेतले. पैशाच्या तंगीमुळे काम बेताचे झाले व एक नमुना उडविताना फुटला. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी हसविणाऱ्या वायूचे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे, जाहीर प्रयोग गावोगावी केले. या प्रयोगांत ते न्यूयॉर्क, लंडन व कोलकाता येथील विख्यात डॉक्टर कूल्ट असे नाव धारण करीत. वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या या तरुणाने कोलकात्याच्या एका फेरीचा असा उपयोग करून घेतला. मिळालेल्या पैशांतून बाल्टिमोरचे कुशल कारागीर जॉन पिअर्सन यांच्याकडून त्यांनी चांगले नमुने बनवून घेतले. १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत त्यांना एकस्व मिळाले.

या एकस्वाचा गाभा असा. घोडा अंगठ्याने मागे ओढला की त्याला जोडलेली खिट्टी सिलिंडरच्या पाठीमागील दात्याला ढकलते आणि सिलिंडर बरोबर एका खणाएवढे फिरते. त्याच वेळी खालून एक अडसर वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि खण नळीच्या रेषेत घट्ट राहतो. चाप दाबल्यावर घोडा केवळ सुटतो. चापाकडे एवढे एकच काम असल्याने या यंत्रणेला सिंगल अ‍ॅक्शन म्हणतात. चाप ओढताच घोडा आपोआप उचलला जाऊन पडतो, त्या यंत्रणेला डबल अ‍ॅक्शन म्हणतात. कोलियरच्या प्रचलित बंदुकांत सिलिंडर प्रत्येक बारानंतर हाताने फिरवावे लागे. कोल्ट यांनी घोडा उचलणे, खण फिरविणे आणि तो रोखून धरणे या तीन क्रिया एका हालचालीत बांधल्या. त्याच सुमारास चकमकीऐवजी तांब्याच्या स्फोटक टोप्या वापरात आल्या होत्या, म्हणून हे साधले.

मराठीत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, त्यामुळे इतिहासलेखनात घोटाळे होतात. नाशिकमध्ये २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेले शस्त्र ब्राउनिंग पद्धतीचे पिस्तूल होते. त्यात फिरते सिलिंडर नसते. कोल्ट यांच्या हयातीत तयार झालेली रिव्हॉल्व्हरे तर ठासणीची होती. त्यांत काडतूस नसे. प्रत्येक खणात पुढच्या बाजूने दारू घालावी लागे, त्यावर शिशाची गोळी ठासावी लागे आणि मागील बाजूस टोपी बसवावी लागे. एका खणाची ठिणगी शेजारच्या खणांत शिरून सर्व बार एकदम उडण्याचा धोका असे, म्हणून गोळीवर चरबी लावीत.

पॅटर्सन

१८३६ मध्ये न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन येथे कंपनी स्थापन झाली. तेथे तयार झालेल्या रिव्हॉल्व्हरला पाच खण होते. चाप घोडा उचलल्यावरच खाली बाहेर येई. त्याच्याभोवती संरक्षक कडे नव्हते. सुरुवातीच्या बंदुकांत गोळी ठासण्याचा दांडा नसल्यामुळे भरताना बंदूक सोडून भाग वेगळे करावे लागत. १८३९ पासून नळीखाली असा दांडा बसविण्यात आला. संग्राहक पॅटर्सनची कालनिश्चिती करताना प्रथम हाच दांडा पाहतात.

टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याच्या नौदलाने १८३९ मध्ये ०.३६ इंच व्यासाची १८० रिव्हॉल्व्हरे मागविली. तीच पुढे टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाकडे आली. १८४४ मध्ये कॅप्टन जॅक हेज यांच्या सुमारे १५ रेंजरांनी संख्येने कितीतरी अधिक असलेल्या कोमांची योद्ध्यांशी या शस्त्रांनी सामना केला. एकदा बार झाला की बंदूक भरेपर्यंत बाण मारण्यास अवधी मिळतो, हा कोमांचींचा आजवरचा अनुभव होता. तो त्या दिवशी निरुपयोगी ठरला. ज्या शस्त्राला अमेरिकेत प्रगतीचे साधन म्हणून गौरविले गेले, त्याचा पहिला मोठा परिणाम तेथील मूळ रहिवाशांना भोगावा लागला, ही बाब कोल्ट यांच्या जुन्या चरित्रांत सहसा आढळत नाही.

तोपर्यंत कंपनी बुडाली होती. शस्त्र महाग आणि नाजूक होते, लष्कराने ते मनापासून स्वीकारले नाही आणि १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. कोल्ट यांनी मग बंदरांच्या रक्षणासाठी विजेने उडणारे पाणसुरुंग आणि पाण्याखालून जाणाऱ्या तारा यांवर काम केले. तारायंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स यांच्याशी त्यांचे या काळात सहकार्य होते. एप्रिल १८४४ मध्ये त्यांनी पोटोमॅक नदीत चालते जहाज उडवून दाखविले. तरीही सरकारने योजना स्वीकारली नाही. याच वर्षांत त्यांचे बंधू जॉन यांच्यावर एका मुद्रकाच्या खुनाचा खटला चालला. फाशीच्या दिवशीच, नोव्हेंबर १८४२ मध्ये, जॉन तुरुंगात मृतावस्थेत आढळले.

वॉकर आणि ड्रॅगून

१८४६ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले. हेज यांच्या चकमकीत सहभागी असलेले कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांनी कोल्ट यांच्याशी संपर्क साधला आणि घोडदळाला उपयोगी पडेल असे भक्कम शस्त्र कसे असावे, याविषयी सूचना केल्या. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने १,००० रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदविली. कोल्ट यांच्याकडे कारखाना नव्हता. त्यांनी एली व्हिटनी (धाकटे) यांच्या कारखान्यात काम करवून घेतले. या व्हिटनींचे वडील म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे, विदर्भातील जिनिंगच्या मूळ पुरुषाचे, निर्माते होत.

वॉकर हे प्रारूप सहा खणांचे व ०.४४ इंच व्यासाचे होते. नळी ९ इंचांची आणि वजन सुमारे २ किलो होते. चाप आता कायम बाहेर होता आणि त्याभोवती पितळी कडे आले. प्रत्येक खणात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम दारू मावत असे. हातबंदुकीसाठी हे प्रमाण फार मोठे होते आणि त्या काळच्या धातूला ते झेपले नाही. काही सिलिंडरे वापरात फुटली. दुसरा दोष ठासणीच्या दांड्याचा होता. तो केवळ एका कमानीच्या दाबावर अडकलेला असे. बाराच्या धक्क्याने तो खाली पडून सिलिंडरला अडवी, आणि पुढचा बार ऐन वेळी निघत नसे. स्वतः वॉकर ९ ऑक्टोबर १८४७ रोजी वामांत्ला येथील लढाईत मारले गेले.

या दोषांची दुरुस्ती म्हणजे ड्रॅगून. १८४८ पासून हार्टफर्डमधील स्वतःच्या कारखान्यात कोल्ट यांनी ते काढले. दोन्ही शस्त्रे शेजारी ठेवली तर नवख्याला एकसारखी वाटतात. ड्रॅगूनचे सिलिंडर आखूड आहे व त्यात सुमारे ५० ग्रेन दारू मावते. नळी साडेसात इंचांची. वजन सुमारे १.९ किलो. निर्णायक खूण नळीच्या टोकाशी आहे : ड्रॅगूनच्या ठासणीदांड्याचे टोक नळीखालच्या खाचेत खटक्याने बसते, वॉकरचे तसे बसत नाही. ड्रॅगूनचेही तीन प्रकार मानले जातात. पहिल्याच्या सिलिंडरवरील अडसराच्या खाचा लंबगोल आहेत. दुसऱ्यापासून त्या आयताकृती झाल्या. चापाभोवतीच्या कड्याची मागची बाजू पहिल्या दोन प्रकारांत चौकोनी आहे, तिसऱ्यात ती गोल झाली. खाचेचा आकार बदलणे ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु अडसर खाचेत किती घट्ट बसतो यावर खण नळीशी जुळणे अवलंबून असते आणि ते न जुळल्यास गोळीचा काही भाग कापला जाऊन फटीतून उडतो.

नेव्ही, पॉकेट आणि आर्मी

ड्रॅगून खोगिराला बांधून न्यावे लागे. कमरेला लावता येईल असे शस्त्र १८५१ चे नेव्ही. त्याची नळी अष्टकोनी व साडेसात इंचांची, व्यास ०.३६ इंच आणि वजन सुमारे १.२ किलो. सिलिंडरवर टेक्सास व मेक्सिको यांच्या नौदलांत १६ मे १८४३ रोजी झालेल्या कॅम्पेचेच्या लढाईचे दृश्य कोरलेले असते. नेव्ही हे नाव त्यावरून पडले; ते केवळ नौदलासाठी होते, असे नाही. हार्टफर्डमध्ये सुमारे २,१५,००० आणि लंडनमध्ये सुमारे ४२,००० नेव्ही तयार झाल्या. वॉकर व ड्रॅगूनवर रेंजर व कोमांची यांच्या लढाईचे, तर १८४९ च्या पॉकेटवर टपालगाडीवरील दरोड्याचे चित्र असे. हे चित्र शोभेपुरते नव्हते. नकली माल ओळखण्यास त्याचा उपयोग होई, आणि आज ते झिजले आहे किंवा नाही यावर जुन्या शस्त्राची किंमत ठरते.

०.३१ इंच व्यासाच्या पॉकेटचा खप सर्वांत मोठा, ३ लाखांहून अधिक झाला. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात निघालेल्यांनी ती घेतली. तिच्याआधीच्या बेबी ड्रॅगूनला बहुधा ठासणीचा दांडा नसतो. तेवढ्यावरून दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. १८५५ मध्ये एलिशा रूट यांच्या आराखड्यावर घोडा बाजूला असलेले एक लहान रिव्हॉल्व्हरही निघाले. त्याच्या सिलिंडरवरून जाणारी धातूची पट्टी मात्र महत्त्वाची आहे, कारण कोल्ट यांच्या इतर सर्व रिव्हॉल्व्हरांत ती नव्हती. त्यांत नळी मधल्या दांड्यावर चढवून एका पाचरेने अडकविलेली असे. पाचर काढली की शस्त्र तीन भागांत सुटे, स्वच्छ करणे सोपे जाई. पण पाचर सैल झाली की नेम बिघडे. इंग्लंडमधील प्रतिस्पर्धी रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी सांगाडा व नळी एकाच तुकड्यात केली होती. १८५७ च्या उठावाच्या काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे दोन्ही प्रकारची शस्त्रे होती. अ‍ॅडम्सची गोळी मोठी आणि चाप ओढताच बार होणारा; कोल्टचा नेम अधिक अचूक, परंतु प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने उचलावा लागे. जवळच्या झटापटीत पहिले आणि दूरच्या लक्ष्यावर दुसरे सरस, असे मत तेव्हाच्या वादांत पुन्हा पुन्हा आढळते.

१८६० चे आर्मी हे कोल्ट यांच्या हयातीतील सर्वांत चतुर काम म्हणावे लागेल. लष्कराला ०.४४ इंचाची गोळी हवी होती, पण ड्रॅगूनचे वजन नको होते. नव्या शस्त्राचा सांगाडा नेव्हीचाच ठेवला. सिलिंडरचा मागील भाग नेव्हीएवढा आणि केवळ पुढचा भाग जाड केला. सांगाड्यात त्यासाठी पायरीसारखी खाच काढली. अधिक चांगल्या पोलादामुळे हे शक्य झाले. नळी गोल व बहुधा ८ इंचांची, मूठ थोडी लांब, ठासणीचा दांडा दातेरी यंत्रणेवर सरकणारा. वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे नेव्हीपेक्षा नाममात्र अधिक. सुमारे २ लाख आर्मी तयार झाल्या. १८६१ च्या नेव्हीची नळी व दांडा आर्मीसारखे, पण व्यास ०.३६ इंचच आणि सिलिंडर सरळ आहे. त्यामुळे छायाचित्रावरून आर्मी आणि ही दुसरी नेव्ही यांत गल्लत होते. सिलिंडरच्या कडेला पायरी आहे की नाही, हे पाहिले म्हणजे पुरे.

कारखाना व व्यवहार

१८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात कोल्ट यांची शस्त्रे मांडली गेली आणि त्याच वर्षी तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी निबंध वाचला. १८५३ मध्ये लंडनच्या पिमलिको भागात त्यांनी कारखाना काढला. तो १८५६ मध्ये बंद झाला. तेथील यंत्रे पाहून ब्रिटिश अभियंते प्रभावित झाले व सरकारी शस्त्रनिर्मितीत अमेरिकन यंत्रे आणण्याच्या विचाराला बळ मिळाले. हार्टफर्डमध्ये कनेक्टिकट नदीकाठची पूर येणारी सखल जमीन घेऊन त्यांनी बांध घातला, बांधाची माती धरून ठेवण्यासाठी वाळुंजाची झाडे लावली आणि १८५५ मध्ये निळ्या घुमटाचा मोठा कारखाना पूर्ण केला. त्या झाडांच्या फांद्यांपासून खुर्च्या विणण्यासाठी जर्मन कारागीर आणून वसविले. कामगारांसाठी घरे व सभागृह बांधले. पुढे यंत्रनिर्मितीत नाव मिळविणारे फ्रान्सिस प्रॅट व एमोस व्हिटनी याच कारखान्यात तयार झाले.

कोणताही सुटा भाग कोणत्याही बंदुकीला बसेल, असा कोल्ट यांच्या उत्पादनाचा लौकिक होता. प्रत्यक्षात अखेरची जुळणी कानशीने हातानेच होत असे, आणि म्हणूनच एकाच शस्त्राच्या सांगाड्यावर, नळीवर, सिलिंडरवर व पाचरेवर तोच अनुक्रमांक कोरलेला असतो. संग्राहकांना मूळ शस्त्र व जोडगोळी केलेले शस्त्र यांतील फरक या अनुक्रमांकांवरूनच कळतो.

विक्रीच्या बाबतीत त्यांनी फारसा विधिनिषेध पाळला नाही. राजे, सेनापती व मंत्र्यांना ते सोन्याने मढविलेली शस्त्रे भेट देत आणि एका देशाची मागणी दुसऱ्या देशाला सांगून तेथेही मागणी मिळवीत. एकस्वाची मुदत वाढवून घेण्यासाठी भेटी दिल्याच्या आरोपांची १८५४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली. चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांच्याकडून त्यांनी आपली शस्त्रे दाखविणारी चित्रे काढवून घेतली. जाहिरातीचा हा प्रकार त्या काळी नवा होता. यादवी युद्धाची चिन्हे दिसत असतानाही दक्षिणेकडील राज्यांना त्यांचा माल जात राहिला आणि एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर हल्ला झाल्यानंतरच तो थांबला. उत्तरेकडील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर देशद्रोहाची टीका केली. कायद्याने तोवर ही विक्री निषिद्ध नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. मात्र शस्त्रे कोणाविरुद्ध उचलली जाणार, हे एव्हाना कोणालाही दिसत होते.

कोल्ट यांची एक चूक त्यांच्या कंपनीला महागात पडली. रोलिन व्हाइट या कारागिराने मागून पुढे आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे एकस्व ३ एप्रिल १८५५ रोजी घेतले. धातूचे काडतूस मागून भरण्यासाठी हीच रचना आवश्यक होती. कोल्ट यांनी तिच्यात रस घेतला नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते हक्क घेतले व १८५७ पासून काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकण्यास प्रारंभ केला. १८६९ मध्ये ते एकस्व संपेपर्यंत कोल्ट कंपनीला ठासणीच्या शस्त्रांवरच राहावे लागले.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

५ जून १८५६ रोजी कोल्ट यांचा विवाह एलिझाबेथ जार्व्हिस यांच्याशी झाला. त्यांच्या अपत्यांपैकी कॉल्डवेल हा एकच मुलगा मोठा झाला. यादवी युद्धाची मागणी शिगेला पोहोचलेली असताना, संधिवाताच्या विकाराने जर्जर झालेल्या कोल्ट यांचे १० जानेवारी १८६२ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी निधन झाले. त्यांची मालमत्ता सुमारे दीड कोटी डॉलर असल्याचा अंदाज तेव्हा केला गेला.

कोल्ट यांच्यानंतर

कंपनीने प्रथम जुन्या आर्मीच्या सिलिंडरांचा मागील भाग बदलून त्यांना काडतूस बसेल असे केले. त्यानंतर विल्यम मेसन यांच्या आराखड्यावरून १८७३ मध्ये सिंगल अ‍ॅक्शन आर्मी निघाले. त्यात पाचर नाही. सिलिंडरवरून पट्टी गेलेली एकसंध सांगाड्याची रचना आहे. काडतुसे उजव्या बाजूच्या झडपेतून एकेक करून भरतात व रिकामी पुंगळी नळीशेजारच्या दांड्याने ढकलून काढतात. लष्करासाठी काडतूस ०.४५ इंचाचे होते. साडेसात, साडेपाच व पावणेपाच इंचांच्या नळ्यांना अनुक्रमे घोडदळ, तोफखाना व नागरी अशी नावे रूढ आहेत. १८९४ मधील बिस्ली हा याचाच नेमबाजीसाठीचा प्रकार. त्याचा घोडा खाली वाकलेला आणि मूठ अधिक वळलेली असते. घोडा भरलेल्या खणावर टेकलेला असताना शस्त्र पडले तर बार उडू शकतो, म्हणून सहा खणांपैकी एक रिकामा ठेवण्याची पद्धत होती.

या प्रारूपाच्या दोन पिढ्या सांगाड्याच्या पुढच्या भागावरून ओळखतात. आरंभीच्या शस्त्रांत सिलिंडरचा मधला आस तिरप्या स्क्रूने धरलेला असे. साधारण १८९६ पासून त्याच्या जागी आडवी, कमानीवर चालणारी कळ आली. त्या सुमारास काळ्या दारूऐवजी धूररहित दारू वापरात येत होती. तिचा दाब अधिक असतो, आणि कंपनीने १९०० पासूनच्या शस्त्रांना त्या दारूसाठी हमी दिली. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून करतात. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत तयार होणारी प्रणोदके याच नंतरच्या कुळातील आहेत. तिरप्या स्क्रूचे जुने शस्त्र बाहेरून कितीही सुस्थितीत दिसले, तरी त्यात नव्या दारूचे काडतूस उडविणे धोक्याचे असते. सिंगल अ‍ॅक्शन आर्मीचे पहिले उत्पादन १९४१ पर्यंत चालले.

एलिझाबेथ कोल्ट यांनी पतीच्या पश्चात कंपनीची मालकी सांभाळली. ५ फेब्रुवारी १८६४ रोजी कारखाना आगीत जळाला, तो त्यांनी पुन्हा बांधविला. पती व मुलांच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेल्या चर्चच्या दगडी नक्षीत क्रॉसबरोबर रिव्हॉल्व्हरचे भाग कोरलेले आहेत. १९०१ मध्ये त्यांनी कंपनी विकली. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या संग्रहातील चित्रे व शस्त्रे वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियमकडे गेली. हार्टफर्डमधील कारखान्याच्या परिसराला २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून मान्यता देण्यात आली.